तिने न चढलेला जिना

बायकांच्या गोष्टी सरळ करणं हे माझं काम. ट्युनिसमधल्या आमच्या मदत केंद्रात एकोणीस वर्षं मी तेच करत आले. अत्याचार झालेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी माझ्यासमोर बसते आणि मी तिच्याकडून सगळं क्रमाने वदवून घेते. ठाण्यातल्या कारकुनाला मध्ये भोकं पडलेली गोष्ट लिहिता येत नाही. "मग पुढे?" एवढंच त्याला विचारता येतं. बाई गप्प झाली की तो पेन खाली ठेवतो आणि कॉफी मागवतो. या लोकांचा मला वीट आलाय. पण त्यांच्याच वळणावर मीही गेले, हे कबूल करायला हवं.

दोरसाफ आली ती फेब्रुवारीत. वय सव्वीस, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या ठिकाणी कामाला. रविवारी दुपारी मैत्रिणीच्या साखरपुड्याचं जेवण होतं, तिथे तिने चार पेले बुखा घेतली. ही आमची अंजिराची दारू. जिभेला बरी लागते आणि पायांतलं बळ काढून घेते. मैत्रिणीचा चुलतभाऊ अनीस "घरी सोडतो" म्हणाला आणि तिला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी घेऊन गेला. त्यानंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं. गाडीचं दार आठवत होतं. मग एकदम फरशी, गालाला गार लागणारी. मधलं काहीच नाही.

"वर कशी गेलीस?" मी विचारलं.

"माहीत नाही, खाला." मावशी म्हणावं तसं इथे सगळ्या मला खाला म्हणतात.

"तिसरा मजला आहे. उडत तर गेली नसशील. जिन्यानेच गेलीस ना?"

ती म्हणाली, "तसंच असणार."

मी तिच्याकडून तो जिना दोनदा घोकून घेतला. ठाण्यात तिने तसंच सांगितलं, कारकुनाने लिहिलं, तिने सही केली. मला वाटलं, चला, एक काम नीट झालं.

अनीसच्या वकिलाने इमारतीचा राखणदार आणला. तो म्हणाला, दोघं लिफ्टने गेले. पोरीला धड उभं राहता येत नव्हतं, अनीसने काखेत हात घालून धरलं होतं. खरं तर ही साक्ष आमच्याच बाजूची. जिला उभं राहता येत नाही, ती हो म्हणणार कशी? पण वकिलाने शितावरून भाताची परीक्षा केली. जिना खोटा, म्हणजे बाई खोटी. तक्रार निकालात निघायच्या बेतात होती. न्यायाधीशांनी दोरसाफला शेवटचं बोलावलं. आमचे वकील मोन्सेफ म्हणाले, जिन्यालाच चिकटून राहा, राखणदार विकला गेलाय म्हणू. केंद्राच्या अब्रूचा प्रश्न आहे.

न्यायाधीश माझ्याच वयाच्या बाई होत्या. टेबलाखाली चपला काढून, सुजलेले पाय मोकळे सोडून बसल्या होत्या. त्यांनी जिन्याचं विचारलं. दोरसाफने माझ्याकडे पाहिलं, आणि मी उठले.

"बाई, तिला काहीच आठवत नव्हतं. जिना मी पदरचा घातला."

मोन्सेफनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी माझी अशी खरडपट्टी काढली की सासूनेही काढली नसती. मग त्या दोरसाफला म्हणाल्या, आठवतं तेवढंच सांग, नाही तिथे नाही म्हण.

"फरशी आठवते," दोरसाफ म्हणाली. "ताज्या रंगाचा वास आठवतो. आणि नंतर त्याने आईला फोन केला होता. म्हणाला, आत्ता भूक नाही, माझा वाटा झाकून ठेव."

"एवढी प्यायली होतीस, तर हे बरं आठवतं?"

"दारूने बरंच नेलं, बाई. जे ठेवलं, ते जसंच्या तसं आहे."

ही आठवण खरी का ते पडताळायला न्यायाधीशबाईंनी अनीसच्या त्या दुपारच्या फोनची नोंद मागवायला सांगितली. तक्रार तगली.

बाहेर येऊन आम्ही लबलाबी खायला बसलो. पावाच्या तुकड्यांवर चण्यांचा गरम रस्सा, वर अंडं. मला किती दिवसांनी भूक लागली होती. दोरसाफने चमचा उचललाच नाही.

"नजातखाला, पाच महिने मी तो जिना आठवायचा प्रयत्न करत होते," ती म्हणाली. "आता तो मला दिसतो. कठडा हिरवा आहे. दुसऱ्या वळणावर मी अडखळते आणि तो हसतो. रोज दिसतं. तुम्हीच म्हणालात ना, तो तुम्ही घातला? मग आता तुम्हीच काढा."

मी चमचा खाली ठेवला. काय काढणार मी? लाजेने तिच्याकडे बघवेना. एकोणीस वर्षांत किती जणींच्या डोक्यात मी काय काय बांधून ठेवलंय, कोण जाणे.