राखाडी अंकाचा वाचक

…अंकाच्या पानांची घडी फाटलेली नव्हती, कापलेली होती. सुरी खालून वर गेलेली, आणि अगदी वरच्या टोकाशी कागदाचे एक बारीकसे शेपूट उरलेले, नखाच्या कोरीएवढे. त्याने ते अंगठ्याने चाचपून पाहिले आणि हात मागे घेतला, जणू कुणाच्या उघड्या पाठीला चुकून स्पर्श झाला होता.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, लांब टेबलावर, मानसशास्त्राची तीन नियतकालिके त्याने मांडली होती : निळे, मुलांच्या शिकण्याविषयीचे, पिवळे, प्राण्यांच्या वागणुकीविषयीचे, आणि राखाडी, स्मृती व तिच्या मोडतोडीविषयीचे. कॉलेज लहान, पुढील वर्षापासून यांतले एकच यावयाचे होते. कोणते, हे मानसशास्त्राच्या बाईंना संध्याकाळी सांगण्याचे काम ग्रंथालयाच्या या साहाय्यकाकडे आले होते, आणि त्यासाठी त्याने स्वतःची एक रीत योजली होती. ही नियतकालिके छापखान्यातून कडा न कापताच येत. पाने घडीत बंद असत. ज्याला वाचायचे त्याने सुरीने ती उघडावीत. वाचक कोण हे जरी नाही, तरी वाचन झाले की नाही हे घडीवरून कळे. निळ्याच्या घड्या बहुतेक बंद होत्या. पिवळ्याच्या तर सगळ्याच. आतले प्राणी अंधारात जन्मून अंधारातच मेले असावेत. राखाडीची मात्र एकूण एक घडी उघडलेली होती.

आणि प्रत्येकीच्या टोकाशी ते शेपूट.

असे शेपूट डावखुऱ्या हातूनच उरते. लहानपणी, बाइंडिंगच्या दुकानात, उस्ताद त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणत, "डाव्या, पुन्हा शेपूट ठेवलंस का रे?" … कॉलेजात दुसरा डावखुरा त्याच्या पाहण्यात नव्हता. कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला असे. आणि राखाडी अंक त्याने, हे तो शपथेवर सांगू शकला असता, कधी उघडलाच नव्हता. कसा उघडणार? नववीतून उठवलेला माणूस तो. आता त्याने एक लेख काढून वाचण्याचा यत्न केला. शब्द एकेकटे ओळखीचे वाटत. वाक्यात जाऊन बसले की तोंड फिरवीत. दुसऱ्या ओळीपाशीच तो थांबला.

"काय प्राध्यापक, चहा घेणार का इथंच?" हेडक्लार्क दारातून डोकावून विचारीत होते.

प्राध्यापक. ही थट्टा आहे असे तो आजवर धरून चालला होता. आज त्याने प्रथमच त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. ते हसत नव्हते.

बाई तास संपवून आल्या. हाताला खडू, कपाळावरही थोडा.

"राखाडीच ठेवायचं म्हणणार ना तुम्ही? मला ठाऊकच आहे. परवाचा तो गवंडी मी वर्गात सांगितला. पोरं आ वासून ऐकत होती."

"कोणता गवंडी?"

"आता माझीच परीक्षा घेताय होय?" बाई हसल्या. "दिवसभर भिंत बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे उभं राहून विचारायचं, ही कुणी बांधली हो, हात कसलेला दिसतोय. तुम्हीच म्हणालात ना, तो विसरत नव्हता, एकाच अंगात दोघं पाळीनं कामावर येत होते. मला फार आवडलं ते."

तोही हसला. त्या क्षणी हसणेच सर्वांत सोपे होते. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

दुपारी जेवायला घरी जाताना रस्त्याच्या कडेने, सावली धरून, तो चालला होता, आणि वडील आठवत होते. शेवटी शेवटी वडील घरातल्या प्रत्येकाला नम्रपणे विचारीत, "आपण कोण?" … तेच आपल्या वाट्याला आले काय? परंतु वडिलांच्यातून माणूस वजा होत गेला होता. माझ्यात तर कुणाची तरी भर पडत होती. माझ्याच हाताने पाने कापणारा, माझ्याच तोंडाने बाईंशी बोलणारा, आणि शाळेतून कधीही न उठवलेला असा कोणी…

बायकोने ताट वाढले आणि समोर बसली.

"आज गप्पसे?"

"रोज काय बोलतो मी?"

"हे बरंय. ताट निवेस्तोवर बोलायचं आणि वर विचारायचं, काय बोलतो." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "बोलत जा हो. पोरगीसुद्धा म्हणते, बाबा हल्ली किती छान समजावून सांगतात. आधी नुसते भिंतीकडे बघत जेवायचात. मला वाटायचं, माझ्याशी बोलायला यांना कमीपणा वाटतो."

कमीपणा नव्हता. सुचत नव्हते, एवढेच. हे तिला सांगावे असे वाटले. पण तेही कसे सांगावे ते सुचेना.

"आता कसे माणसात आलात," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाहून हसली. त्याच्याकडे? की त्याच्या खांद्यामागे, जिथे कोणी नव्हते, तिकडे? … त्याने मागे वळून पाहिले नाही. पाहण्याचे धैर्य झाले नाही, हेच खरे.

परतल्यावर त्याने निश्चय केला : निळे. राखाडी बंद पडले की त्या इसमाची उपासमार होईल. वाचावयास काही नाही, तर तो येईल कशाला? … आणि मग मी पूर्वीसारखा एकटा, सबंध, निर्धोक. हा विचार करता करता त्याला रात्रीचे जेवण दिसले : तीच भिंत, तिचा पोपडा, बायको ताटाकडे पाहते आहे, मुलगी लवकर उठून जाते आहे. ज्याला मी हाकलू पाहतो आहे त्याचीच त्या दोघी घरी वाट पाहत असतात. माझी कुणी पाहिली होती का कधी? … आणि एवढे अंक वाचून काढायला त्याला किती दुपारी लागल्या असतील! त्या सगळ्या त्याच्या. माझ्या वाट्याच्या आठवू गेलो, तर आजच्या सकाळपलीकडे नीटसे काहीच हाताला लागेना. अधूनमधून येणारा तो नव्हेच कदाचित, मीच…

बाई खांद्याला पिशवी लावून दारात उभ्या राहिल्या. "मग? काय ठरलं?"

निळे, असे म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडले.

"राखाडी," आवाज आला. शांत होता, घाईत नव्हता. "मुलं शिकतात कशी ते निळं सांगतं, बाई. पण शिकलेलं माणसात राहतं कुठं, आणि माणूस बाहेर गेला की ते कोण सांभाळतं…"

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून घेतली. आवाज पुढे बोलत राहिला. त्याला थांबवावे असे मला वाटले होते. पण थांबवण्यासाठी जिथे हात घालायचा ती जागा आता सापडत नव्हती, आणि खरे सांगायचे तर फारशी शोधलीही नाही. बाई ऐकत होत्या. मीही ऐकत होतो… आणि थोडे थोडे समजू लागले होते.