कणसांवरच्या पिशव्या

यंदाच्या हवामानाने माझा अगदी अंत पाहिला. भाद्रपदात पाऊस, दसऱ्याला पाऊस, दिवाळीत फटाके सादळले तरी पाऊस चालूच. आमच्या उसाच्या पट्ट्यातल्या बेलापुरात लोक भेटले की आधी आभाळाकडे बघायचे आणि मगच रामराम घालायचे. मोबाईलवर रोज कुणीतरी अंदाज पाठवायचं. उघडीप म्हटलं की धो धो कोसळायचा आणि मुसळधार म्हटलं की चटका बसेल असं ऊन पडायचं. शेवटी मी ते वाचणं सोडून दिलं.

काळजी शेताची नव्हती. शेत वाट्याने दिलं आहे, त्यात ऊस आहे. काळजी होती घरामागच्या परसातल्या एका वाफ्याची.

तो वाफा मालनचा. मालन माझी बायको, गेल्या उन्हाळ्यात वारली. तिचं माहेर दुष्काळी कर्जतकडचं. लग्नानंतर तिने तिकडून हुरड्याच्या जोंधळ्याचं बी आणलं आणि तेव्हापासून दरवर्षी परसात लावत आली. दाणा टपोरा आणि गोड. आगटीत कणीस भाजून तळहातावर चोळलं की दाणे लगेच मोकळे होतात. हुरडा खायला सुरुवात व्हायच्या आधीच ती बियाची कणसं ठरवून ठेवायची. त्यांना कुणी हात लावायचा नाही, पाहुण्यांनी नाही आणि मीही नाही. ती कणसं उभ्या ताटावरच, म्हणजे धांड्यावरच, वाळायची, मग दाणे राखेत घोळून गाडग्यात. तिच्या माहेरी आता सगळ्यांनी कांदा आणि लिंबं धरली आहेत. तो जोंधळा तिथे कुणाकडे राहिलेला नाही. म्हणजे तिच्या गाडग्यात होतं तेवढंच बी, आणि ते यंदा लावलं नाही तर पुढे उगवेलच याचा भरवसा नाही.

दसरा झाल्यावर मी निम्मं बी टोकलं. वाफ्यात पाणी साचलं आणि सगळं कुजलं. दिवाळीनंतर उरलेलं टोकलं. ते उगवलं, पण विरळ. गाडगं पालथं केलं तर नुसती राख पडली. आता जे काय होतं ते वाफ्यातच होतं.

ताटं वाढली, निसवून कणसं बाहेर आली, कणसात दूध भरलं आणि पाखरांचा त्रास सुरू झाला.

पाखरंही मालनचीच. ती रोज सकाळी मागच्या ओट्यावर जर्मनची परात ठेवायची, तिच्यात बाजरी आणि कण्या. शेजारी फुटक्या माठाच्या बुडात पाणी. चिमण्या, साळुंक्या, होले यायचे. ती गेल्यावर मी ते चालू ठेवलं. सकाळी घरात दुसरा आवाज नसतो. परसात गलका झाला की उठून चहा करावासा वाटतो. नाहीतर वाटत नाही.

पण आता ती परातीतलं खायची आणि तिथून सरळ वाफ्यात जायची.

आमच्या भिंतीपलीकडे बनुबाई राहते. ती मालनच्याच माहेरगावची, म्हणून मला दाजी म्हणते. तिचं सगळं लक्ष आमच्या परसात.

"दाजी, परात आत घ्या," ती भिंतीवरून म्हणाली.

"का?"

"का काय? हिकडं बाजरी खात्यात न् तिकडं जोंधळा तोंडी लावत्यात."

"उलटं हाय. पोट भरलं तर जोंधळ्याकडं कशाला जातील? उद्यापासून जास्त टाकतो."

"टाका. लई चांगलं. पार राहात्यापत्तुर सांगावा धाडा, बेलापुरात पंगत हाय म्हनावं."

मी जास्त टाकलं. मला ते तेव्हा बरोबर वाटत होतं. त्यानंतर राघू आले. आजवर आमच्या परसात राघू उतरले नव्हते. ते बाजरीकडे बघतसुद्धा नव्हते. एक एक कणीस पायात धरून कुरतडायचे आणि अर्ध्याहून जास्त खाली सांडायचे.

"आलं का पाव्हनं?" बनुबाईने विचारलं.

मी खाली पडलेली कुरतडलेली कणसं गोळा केली. मग मीच विचारलं, "मालन राखण कशी करायची वो? गोफण तर घरात न्हाई."

"राखन कशाला करती ती? दिसभर हितंच तर असायची. भाजी निवडायची हितं, तांदूळ निवडायचं हितं, मला बोलायची ते बी हितनंच. मानूस हाललं बोललं की पाखरू लांब ऱ्हातंय."

मग मीही खुर्ची टाकून वाफ्याजवळ बसलो. पण मला बघून पाखरं लांब जाईनात. बाजरी टाकणारा माणूस मीच. मी बसलो की ती आणखी जवळ यायची. एक साळुंकी तर खुर्चीच्या हातावर येऊन बसली. मी हाड हाड केलं. ती उडाली आणि जोंधळ्यावर बसली. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला.

गोरक्षनाथ माझा जुना दोस्त. त्याची डाळिंबाची बाग आहे आणि सकाळचा चहा तो माझ्याकडे घेतो. त्याने वाफा बघितला आणि डोकं हलवलं.

"कानिफ, ह्यातलं काय ऱ्हात न्हाई. परात बंद कर."

"ते सोडून बोल."

"मग झाकून टाक. मी डाळिंबाला उन्हाच्या साड्या गुंडाळतो का न्हाई? बाजारात जुन्या साड्यांचं गठ्ठं मिळत्यात. तुला तर चार कणसं झाकायची. कापडाच्या पिशव्या कर न् बांध."

हे मला पटलं. गठ्ठा आणायची गरज नव्हती. मालनच्या चांगल्या साड्या तिच्या बहिणींनी नेल्या होत्या, पण घरात नेसायच्या सुती साड्या ट्रंकेत होत्या. त्यातली एक हिरवी, धुऊन धुऊन मऊ झालेली, मी काढली. कात्री लावताना हात थांबला हे खरं, पण जोंधळा तिचाच, कापड तिचंच, असं म्हणून कापली. पिशव्या हाताने शिवल्या. टाके वेडेवाकडे आले. बियाला धरलेल्या प्रत्येक कणसावर पिशवी चढवून सुतळीने बांधली. उरलेली कणसं पाखरांना सोडून दिली.

उपाय लागू पडला. राघू येऊन पिशव्यांवर बसायचे, चोच मारायचे आणि उडून जायचे. मला फार बरं वाटलं. बनुबाईला बोलावून दाखवलं.

"शिवन बघा," ती म्हणाली. "मालननं बघितलं असतं तर पिशव्या उसवून पुन्ना शिवल्या असत्या."

दाणे पिवळे पडून वाळायला लागले आणि आभाळ पुन्हा भरून आलं. फाल्गुन महिना. ह्या दिवसात आमच्याकडे धूळ उडायला हवी. आधी वारं सुटलं, असं की बनुबाईच्या पडवीचा एक पत्रा उडून रस्त्यात पडला. माझी पपई मोडली, शेवग्याच्या फांद्या तुटल्या. मग गारा आल्या. मी डोक्यावर घमेलं पालथं घालून परसात पळालो आणि ताटं काठ्यांना बांधायला लागलो. घमेल्यावर गारा अशा वाजत होत्या की मला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. मी गारांना शिव्या देत होतो.

"दाजी, घरात व्हा! मरायचंय का?" बनुबाई दारातून ओरडत होती.

"सुतळी टाका!"

"काय?"

"सुतळी, सुतळी!"

तिने सुतळीचा गुंडा फेकला, तो चिखलात पडला. तसाच उचलून बांधलं. संध्याकाळी मोजकी ताटं वाकलेली सोडली तर सगळी उभी होती. पिशव्या जागच्या जागी. मी मनात म्हटलं, जिंकलो.

त्यानंतर आठवडाभर ऊन पडलं नाही. सकाळी धुकं, दुपारी मळभ, मध्येच बुरबुर. पिशव्या ओल्याच होत्या. काढाव्यात असं वाटायचं, पण कुंपणावर राघू बसलेले दिसायचे आणि मी हात मागे घ्यायचो. मोबाईलवर मात्र हवामान कोरडं राहील असं येत होतं.

गोरक्षनाथ डाळिंबाच्या फुटलेल्या फळांचं रडगाणं गात आला. चहा पिता पिता उठून वाफ्यात गेला आणि एक पिशवी त्याने चिमटीत धरली.

"सुती हाय का ही?"

"हाय. का?"

"आरं, माझ्या साड्या नायलॉनच्या. पानी पडलं की निथळतं, वारं लागलं की वाळत्यात. ह्यो तर बोळा झालाय. आतला दाना उबला आसल."

पिशवी सोडली. आतलं कणीस काळं पडलं होतं. बुरशी आली होती आणि वास येत होता. दुसरी सोडली, तीच गत. तिसऱ्या कणसात दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते, ताटावर असतानाच.

माझं डोकंच फिरलं. "तू साड्या म्हणालास. सुती नको असं म्हणाला न्हाईस."

"मला काय म्हाईत तू ट्रंक उघडशील म्हनून? मी बाजारातलं गठ्ठं सांगितलं हुतं."

"बाजारातल्या साड्या कोणाच्या असतात कुणास ठाऊक! तिच्या जोंधळ्याला त्या बांधू?"

"मग भोग. माझ्यावर कशाला वरडतो?"

त्याने कप ओट्यावर आपटला आणि निघून गेला. मी वाफ्याच्या कडेला बसलो. मला गोरक्षनाथचा राग आला होता, आभाळाचा आला होता, राघूंचा आला होता, आणि खरं सांगायचं तर मालनचाही आला होता. गाडग्यातलं बी कसं सांभाळायचं हे सगळं तिच्या हातात होतं आणि ती कुणाला काही न सांगता गेली. सांगायला वेळ मिळाला नाही, हे मला कळतं. तरी राग आला.

बनुबाई भिंतीला वळसा घालून फाटकातून आत आली. तिने सूप आणलं होतं. काही न विचारता तिने सगळी कणसं खुडली, सुपात चोळली आणि दाणे वेगळे करायला बसली. काळे, पोकळ दाणे बाजूला. कोंबाची नुसती टोकं दिसणारे दुसऱ्या बाजूला.

"हे काय करताय?"

"उगवलंय म्हंजी मेलं न्हाई. आत्ताच लावायचं."

"आत्ता? हा काय जोंधळ्याचा हंगाम हाय का? उन्हाळ्यात चाऱ्याला करतात, बियाला न्हाई."

"चाऱ्याच्या ताटाला कनीस येत न्हाई का? येतंय, बारीक येतंय. बारीक तर बारीक. ह्येच्यातलं वाळवून ठिवाय एक बी दाना न्हाई ऱ्हायला, बघा तुमीच."

मी सूप हातात घेऊन बघितलं. ती म्हणत होती ते खरं होतं. ठेवण्यासारखा एक दाणा नव्हता. आत्ता मातीत टाकलं तर टाकलं.

आम्ही दोघांनी वाफा उकरला. ती रेघ ओढत पुढे, मी दाणे ठेवत मागे. कोंब मोडू नये म्हणून बोटांनीच माती लोटली. ते संपलं तेव्हा ओट्यावर साळुंक्या येऊन बसल्या होत्या आणि मातीकडेच बघत होत्या.

"आता परात," बनुबाई म्हणाली.

"परात काय?"

"कोंब फुटलेला दाना पाखरू वास काढून उकरतंय. परात मी माझ्या पडवीवर न्हेते. पाखरं तिकडं जेवतील."

"न्हाई."

"मग कशाला लावलं? पाखरांच्या न्याहारीला?"

"ती परात मालननं तिथं ठेवलीय."

"आन् बी कुनी आनलंय?" तिचा आवाज चढला. "दाजी, माझ्या गावात ह्यो जोंधळा आता न्हाई. मालन हुती तवर माझ्या आईच्या आगटीतला हुरडा मला हितं खाया मिळत हुता. तुमाला पाखरं बी पायजेत न् जोंधळा बी. एक काय ते ठरवा."

मी ठरवलं नाही. मी फक्त बाजूला झालो. तिने परात उचलली, माठाचं बूड उचललं, पाणी सांडत नेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली आणि तसाच पडून राहिलो. परसात काही आवाज नव्हता. चहा केला, पण तो बेचव लागला. मग खुर्ची घेऊन वाफ्याजवळ बसलो. त्यानंतर रोज बसू लागलो. भाजी निवडायची असेल तर तिथे, पेपर वाचायचा असेल तर तिथे. एखादी चुकार चिमणी आली आणि मला बघून थांबली तरी तिला द्यायला माझ्याकडे काही नसायचं. हळूहळू त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. मला ते आवडलं नाही.

गोरक्षनाथ रुसवा सोडून परत आला. वाफ्याकडे बघून म्हणाला, "ह्ये उगवायचं न्हाई." मलाही तसंच वाटत होतं.

पण उगवलं. सगळं नाही. मध्ये मध्ये भगदाडं होती. तरी रेघेत हिरव्या सुया दिसायला लागल्या. ऊन आता कडक होतं. मी झारीने पाणी घातलं आणि उसाच्या पाचटाची सावली केली.

एका सकाळी भिंतीपलीकडे भयंकर कलकलाट चालला होता. साळुंक्या भांडत होत्या, होले घुमत होते, आणि बनुबाई सगळ्यांना मिळून शिव्या देत होती. मी खुर्चीवर उभा राहून बघितलं. परातीत रात्रीचा भात होता.

"बनुबाई, भात नका टाकू! मालननं कधी भात टाकला न्हाई."

"मग बाजरी कुठनं आनू? हिकडं या न् तुमीच घाला. मी काय तुमच्या पाखरांची चाकर न्हाई."

मी जाणार होतो. पण वाफ्याच्या कडेला एक साळुंकी उतरली होती. मी तिथून हललो नाही. टाळ्या वाजवल्या, ओरडलो, ती उडून भिंतीपलीकडे गेली. मग घरातून बाजरीचा डबा आणला आणि भिंतीवर ठेवला.

"मुठीनं टाका," मी म्हणालो, "ओंजळीनं नको. सांडतं."

"शिकवू नका मला," बनुबाई म्हणाली. डब्यात दोन्ही हात घालून तिने भरभरून ओंजळ काढली आणि परातीत टाकली.