दोन उलटे टाके

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी होरेस बेलिस यांनी गुडघ्यांवरच्या शालीखालून चामड्याची एक खोळ काढली आणि समोर बसलेल्या एव्हरिल टाँक्सपुढे धरली.

"एवढं शिवून दे," ते म्हणाले. "खालचा कोपरा उसवलाय."

एव्हरिलने ती घेतली. निरखून पाहायची गरज नव्हती. तळहातात मावेल एवढी, गडद तपकिरी, एका बाजूला बटणासाठी गोल भोक, तळाशी चार्जिंगच्या वायरीसाठी चीर. सिगारेट सोडलेली माणसं वेप, म्हणजे विजेची सिगारेट, ओढतात, ते वेप खिशात किल्ल्यांना आणि नाण्यांना घासून खराब होऊ नये म्हणून ज्यात ठेवायचं, ती ही खोळ. गेल्या सव्वा वर्षात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने अशा दोनशेच्या वर शिवल्या होत्या. मागच्या बाजूला, अगदी खाली, रिकिबीच्या आकाराचा नखाएवढा ठसा होता आणि त्याच्या आत दोन अक्षरं होती. एच. बी.

तिने अंगठा त्या ठशावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"कुणाची आहे?" तिने विचारलं.

"मार्शाची. आज कामावर तीच आहे. येईलच आता चहा घेऊन."

खोली नऊ नंबरची होती. खिडकीतून वृद्धाश्रमाच्या मागची वाहनांची जागा आणि त्यापलीकडे वॉल्सॉल या खोगिरांच्या इंग्लिश शहरातल्या जुन्या कारखान्यांची छपरं दिसायची. होरेसना ती दिसत नव्हती. डोळ्यांच्या मधोमध त्यांना धुरकट डाग होता आणि जे काही दिसे ते कडेकडेने. वय शहाऐंशी. त्यातली एकावन्न वर्षं त्यांनी खोगिरं शिवण्यात घालवली होती, आणि त्या काळात त्यांच्या बाकाशेजारी बसून जे शिकले त्यातली एव्हरिल शेवटची. ती सोळा वर्षांची असताना आली होती, आता बासष्ट होती, आणि अजूनही त्यांना मिस्टर बेलिसच म्हणत होती.

कारखाना नऊ वर्षांपूर्वी बंद झाला. तीन वर्षांपूर्वी, या खोलीत राहायला येण्याच्या आदल्या दिवशी, होरेसनी हत्यारांची गुंडाळी तिच्या हवाली केली. चामड्याला भोकं पाडायच्या आऱ्या, सुया, दोऱ्याला लावायच्या मेणाचा गोळा. ठसा मात्र वेगळा, रुमालात बांधून दिला. वॉल्सॉलात कारागिराला स्वतःचा ठसा नसे, तो बाकाच्या प्रमुखालाच मिळे. "जिथं स्वतःचं नाव घालशील तिथंच हा घाल," ते तेव्हा म्हणाले होते. "नाहीतर राहू दे पेटीत."

तेव्हापासून ती दर गुरुवारी येत होती. येताना बाजारातून डुकराच्या कातडीच्या तळलेल्या खाऱ्या चकत्या आणायची. कवळीला त्या चावत नसत. होरेस नुसतं मीठ चोखायचे आणि चकती रुमालात गुंडाळून ठेवायचे. ती त्यांना कामाचं सांगायची. श्रॉपशरमधल्या एका बड्या घराण्याचे तबेले आहेत, त्यांचे लगाम मी घरी शिवते. इंचाला किती टाके, असं ते विचारायचे. दहा, असं ती सांगायची. त्या घराण्यातल्या थोरल्या मुलीचा घोडा काळा आहे, हेही तिने एका गुरुवारी सांगून टाकलं होतं. कुठलंच घराणं नव्हतं. घोडाही नव्हता.

दार ढकलून मार्शा आत आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. ट्रेमध्ये दोन कप आणि साखरेच्या पुड्या.

"काय, झाली का पंचाईत? बघ एव्हरिल, तुझ्या मास्तरांचे प्रताप. मोठ्या कौतुकानं घेतली हो मी ती. बाजारात तारिकच्या वेपच्या टपरीवर कार्डच लावलंय, होरेस बेलिस, खोगीरवाले, यांचा ठसा. म्हटलं, अरे, हे तर आपले नऊ नंबरवाले! बहिणीला फोन करून सांगितलं."

"बहीण काय म्हणाली?" होरेसनी विचारलं.

"म्हणाली, तो माणूस अजून आहे?" मार्शा हसली. मग तिने खिशातून निळं वेप काढून एव्हरिलसमोर धरलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पांढरा ओरखडा गेला होता. "चार महिने नाही टिकली. बसस्टॉपवर उभी होते, खालून सटकन बाहेर, थेट फरशीवर. तीस वर्षांची सिगारेट सोडवली या डबीनं. म्हणून जीव तिच्यावर. नाहीतर ओरखड्याचं काय एवढं."

"घाईत शिवली असणार," होरेस म्हणाले. "चूक माझी."

"घाई? तुम्ही? एक कप चहा प्यायला पाऊण तास लागतो तुम्हाला."

"तेव्हा घाईत असायचो."

"बरं बाई, माणूस आहात. केलं माफ." तिने कप त्यांच्या हातात नीट बसवला, बोटं कपाच्या कानाभोवती आहेत याची खात्री केली आणि एव्हरिलकडे वळली. "तुझ्या चहात साखर किती?"

खरं काय ते बोलायची वेळ हीच होती. एव्हरिलला ते कळलं. होरेस मान खिडकीकडे वळवून बसले होते, जणू त्यांचं सगळं बोलून झालं होतं.

"साखर नको मला," एव्हरिल म्हणाली.

मार्शा गेली. दार आपोआप हळू मिटत गेलं आणि पूर्ण मिटल्यावर होरेस बोलले.

"हत्यारं आहेत ना जवळ?"

"आहेत."

"मग बस उजेडात."

तिने खुर्ची खिडकीशी ओढली, खोळ उलटी करून गुडघ्यांत धरली आणि जुना दोरा सुईच्या टोकाने उचकला. खोगिराची शिवण एका दोऱ्याची आणि दोन सुयांची असते. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी पुढचा धरून राहतो. पण शेवटी दोन टाके उलटे, मागे घालावे लागतात. ज्या भोकांत आधीच दोन दोरे आहेत त्यांतून सुया पुन्हा घालायच्या आणि पक्कडीने ओढायच्या. ते दोन टाके नसतील तर बाकीचे पन्नास कशाच्या आधारावर उभे आहेत, असं होरेस म्हणायचे, आणि नव्या पोरांची पहिली शिवण त्या दोन टाक्यांसाठी कापून टाकायचे.

तिचा उजवा अंगठा मागच्या वर्षीपासून सुजत होता. पक्कड धरली की कळ कोपरापर्यंत जायची. मग तिने नायलॉनचा दोरा आणला आणि शेवटच्या टाक्याशी कापून टोक लाइटरने वितळवायला सुरुवात केली. चामड्याच्या कडेखाली ते दिसत नसे. ठसा मारणं त्याआधीच सुरू झालं होतं. माल कुणाचा म्हणून लोक विचारतात, असं तिच्या खोळी विकणारा तारिक म्हणाला होता. कसा दिसतो ते पाहू, म्हणून तिने एकीवर मारला. ती खोळ त्याच दिवशी गेली. तारिकने अक्षरं कुणाची ते विचारलं, तिने सांगितलं. पुढच्या शनिवारी कार्ड लागलेलं होतं. तिने ते वाचलं आणि दुसऱ्या गल्लीने घरी गेली.

"काढलेला दोरा इकडे दे," होरेस म्हणाले.

तिने तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत धरून सावकाश टोकापर्यंत नेला. टोकाशी बोटं थांबली. तिथे मोहरीएवढा कडक मणी होता.

"लिननचा दोरा जळला की राख होते," ते म्हणाले. "याचा मणी झालाय."

एव्हरिल सुईत दोरा ओवत होती. तो ओवला जाईना.

"आमच्या बाकावर लाइटर लागायचा," ते म्हणाले, "पण सिगारेटीला."

तिसऱ्या खेपेला दोरा गेला. तिने पहिलं भोक आरीने मोकळं केलं आणि शिवायला सुरुवात केली. कोपऱ्यात अकरा टाके होते. ती सोळा वर्षांची असताना शिवायची तसे तिने ते शिवले, प्रत्येक टाक्याला दोन्ही हात सारखे ताणून, श्वास रोखून.

"अंगठ्याचं काय?" होरेसनी विचारलं.

"काय व्हायचंय त्याला?"

"कप डाव्या हातानं ठेवतेस हल्ली. बशीचा आवाज पलीकडून येतो."

अकरावा टाका झाला. तिने सुई मागे वळवली, पक्कड घेतली आणि ओढली. दोरा चामड्यातून कुरकुरत आला. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण खुर्चीचा पाय फरशीवर किंचित सरकला.

"एक," होरेस म्हणाले.

तिने पुन्हा ओढलं.

"दोन. आता काप."

तिने दोरा कापला आणि खोळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा कोपऱ्यावरून फिरवला, मग कडेवरून, मग मागच्या बाजूच्या ठशावर आणला. तिथे तो थोडा जास्त वेळ थांबला.

"मिस्टर बेलिस, ते लगाम मी..."

"लगामांचं पुढच्या गुरुवारी," ते म्हणाले. "चहा निवतोय तुझा."

तिने कप उचलला. डाव्या हाताने उचलला, मग ते लक्षात येऊन उजव्या हातात घेतला.

"किती आहेत अशा?" होरेसनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, इंचाला किती टाके म्हणून विचारायचे तसा.

"दोनशे अकरा."

"सगळ्यांना मणी?"

"पहिल्या चाळीसेक सोडून."

त्यांनी मान हलवली. चकतीवरचं मीठ जिभेने टिपलं, चकती रुमालात गुंडाळली.

"म्हणजे बरीच घाई होती मला," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी नऊ वाजता तारिक टपरीचं शटर वर करत होता तेव्हा एव्हरिल तिथे उभी होती. त्याने खोळी टांगलेला हूक बाहेर अडकवायच्या आत तिने त्यावरच्या चौदा खोळी काढून पिशवीत टाकल्या. मग कार्ड काढलं.

"काय हो मावशी, संप का?"

"कागद आहे का मोठा? पाटी लावायचीय. ठसा असलेली खोळ ज्याच्याकडे असेल त्यानं आणून द्यावी, पुन्हा शिवून मिळेल, फुकट."

"कशाला विस्तवाशी खेळता? ज्याची उसवली नाही तोही येईल. वेपवरचा प्रत्येक ओरखडा घेऊन लोक माझ्याशी भांडतील."

"भांडू देत. माझ्याकडे पाठव."

तारिकने सुस्कारा टाकला आणि सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून जाड पेन काढलं. त्याचं अक्षर चांगलं होतं, कार्डही त्यानेच लिहिलं होतं. तिने सांगितलेला मजकूर त्याने झरझर उतरवला आणि खाली येऊन थांबला.

"नाव तेच ना? होरेस बेलिस?"

एव्हरिलने हात पुढे केला. त्याने पेन दिलं. पेन जाड होतं आणि अंगठ्याला नीट धरवत नव्हतं, त्यामुळे अक्षरं लहान मुलासारखी वेडीवाकडी आली. शिवणारी, एव्हरिल टाँक्स. खाली तिने आपल्या घराचा पत्ता घातला. जरा थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. यातली एकही खोळ होरेस बेलिस यांनी शिवलेली नाही.

तारिकने ती ओळ दोनदा वाचली.

"मग ठसा कुणी मारला?"

"मी."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"नाही."

त्याने पुठ्ठा घेतला आणि रंगीत डब्यांच्या वर, जिथे कार्ड होतं तिथेच, चिकटपट्टीने लावला. नंतर दिवसभर तो तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त अदबीने वागला. तिला ते सहन होईना. ती टपरीशेजारच्या स्टुलावर बसून आलेल्या खोळी उसवत राहिली.

पाच वाजेपर्यंत सहा आल्या. एका बाईने तिथेच उभं राहून शिवून घेतली आणि निघताना आभार मानले. टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याने पाटी वाचली, खिशातून वेप काढलं, खोळ उतरवली आणि उलटी करून ठशाकडे पाहिलं.

"माझा बाप त्यांच्याच कारखान्यात होता," तो म्हणाला. "म्हणून घेतली होती."

"शिवून देते," एव्हरिल म्हणाली. "पाच मिनिटं लागतील."

"नको." त्याने खोळ तिच्या पुढ्यात ठेवली आणि उघडं वेप किल्ल्यांच्याच खिशात टाकून तो निघून गेला.

मार्शा दर शनिवारी बसला जाताना या टपरीवरून जाते. त्या शनिवारी ती कामावर होती, आली नाही.

बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत एकूण एकोणीस खोळी परत आल्या होत्या. अठरा शिवून झाल्या होत्या, प्रत्येकीला दोन उलटे टाके घालून. म्हाताऱ्याची तशीच होती. ठसा होरेसना परत द्यायला रुमालात बांधून एव्हरिलने चकत्यांच्या पुडीशेजारी पिशवीत ठेवला होता. पाटी अजून लावलेली होती. मार्शाने ती वाचली की नाही, हे गुरुवारी दुपारी वृद्धाश्रमाकडे निघेपर्यंत तिला कळलेलं नव्हतं.