मोतीबाईचे हात

दारव्ह्याचे चित्रकार भीमराज यांना हात काढता येत नसत. चेहरा काढावा तर त्यांनीच, अशी तालुकाभर ख्याती. पण मनगटाच्या पुढे गेले की बोटांच्या गवारीच्या शेंगा व्हायच्या. म्हणून त्यांच्या चित्रांतले पुरुष हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि बायका ते पदराखाली ठेवत. कोणी विचारलेच तर भीमराज म्हणत, "ही माही शैली आहे." म्हणून म्हणून त्यांना स्वतःलाही ते खरे वाटू लागले होते.

परवा त्यांनी धरमसिंगच्या आईचे, मोतीबाईचे, चित्र पुरे केले. मोतीबाई बंजारा तांड्यावरची, मागच्या उन्हाळ्यात वारली. धरमसिंग चित्र न्यायला यायच्या आधीच भीमराजांच्या लेकीने, दीपाने, चित्राचा फोटो काढून मोबाइलमध्ये ते हलते केले. मोतीबाईने पापणी लववली, मान वळवली आणि हसली.

भीमराज खवळले. "चित्र म्हंजे काय जत्रेतला पाळणा आहे, हलवाले? एक क्षण पकडाले जन्म जाते, अन् तू त्याले सोडून देऊन राह्यली!" हे वाक्य त्यांना इतके आवडले की त्यांनी ते दोनदा म्हटले.

मग धरमसिंग आला. भिंतीला टेकवलेल्या चित्राला त्याने नमस्कार केला, 'छान' म्हणाला, आणि दीपाच्या मोबाइलपाशी जाऊन ढसाढसा रडला. भीमराजांच्या पोटात दुखले. रंग कालवायचे आपण, आणि रडे मात्र मोबाइलला!

तेवढ्यात मोबाइलमधल्या मोतीबाईने पदराखालून हात बाहेर काढले आणि जोडले. धरमसिंगचे रडणे थांबले.

"हे माह्या याडीचे हात नाहीत," तो म्हणाला.

सिनेमातल्या बाईचे असावेत तसे मऊ, गुळगुळीत हात होते ते. दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या नव्हत्या, विळा लागून वाकडे झालेले बोट नव्हते.

भीमराजांना आकाश ठेंगणे झाले. "मी काय म्हणत होतो? हलवलं की कला बिघडते! त्या मोबाइलले काय ठाऊक तिचे हात?"

"तेच तं," धरमसिंग म्हणाला. "तुमाले ठाऊक आहेत. तांड्यावर आले की तिच्याच हातची भाकर खात होते तुमी. ते हात काढून द्या भीमराजभाऊ, मंग नेतो."

दीपा छताकडे पाहू लागली. शैलीबद्दल काही बोलावे म्हणून भीमराजांनी तोंड उघडले, पण डोळ्यांपुढे ते वाकडे बोट आले, ताटात भाकर टाकताना जरा बाजूला राहणारे. त्यांना स्वतःची लाज वाटली. एवढे खाऊ घालणारे हात आपण भित्रेपणापायी पदरात गुंडाळून ठेवले. मोबाइलने चुकीचे का होईना, बाहेर तरी काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला, नलूला, खिडकीपाशी बसवले, तिचे एक बोट वाकवले आणि कागद घेतला. पहिला हात मुळ्याच्या जुडीसारखा आला. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्या वेळी नलूने नाक खाजवले.

"हलू नको म्हणलं ना!" भीमराज ओरडले.

"वा! मोबाइलमंधली मोतीबाई हलली तं धरमसिंग रडला," नलू म्हणाली, "अन् मी हलली तं तुमी वरडता."

बोलता बोलता तिचा हात नाकावरून मांडीकडे निघाला होता. भीमराजांची पेन्सिल त्याच्यामागे धावली. त्यांनी कागदाकडे पाहिले, मग पुन्हा पाहिले. बोटे चक्क बोटांसारखी दिसत होती.

"नलू," ते हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा खाजव."