आवळायचे राहिलेले नट

प्रणालीला लायसन्स मिळून दोन महिने झाले होते, पण गाडी गल्लीबाहेर काढायची म्हटलं की तिचे तळहात अजून ओले होत. सासरे सूर्यभान एके काळी परतवाडा-धारणी जीप चालवायचे. सुनेनं आधी गाडी ओळखावी, म्हणजे भीती कमी होईल, असं त्यांनीच ठरवलं. रविवारी अमरावतीच्या घराच्या अंगणात त्यांनी तिला ऑइलची पट्टी पुसून पाहायला शिकवलं, कूलंट कुठवर असावं ते दाखवलं. मग पुढचं चाक काढून स्टेपनी बसवायला लावली.

चाक तिनंच बसवलं. चारही नट बोटांनी फिरवले, जॅक उतरवला. आता फक्त पान्यानं आवळायचे होते. तेवढ्यात अंजनगावचे डोमाजी मामा केळीचा घड घेऊन फाटकात उभे राहिले. सूर्यभान त्यांच्याजवळ जाऊन बसले, प्रणाली चहा ठेवायला आत गेली. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, नितेशनं, अंगणात पडलेला जॅक आणि पाना उचलून डिक्कीत टाकले.

सोमवारी सकाळीच नितेश आईला, कौशल्याबाईंना, डोळे दाखवायला गाडीनं अकोल्याला घेऊन गेला. प्रणाली पोळ्या लाटत होती. सूर्यभान चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"काल तुनं चाक बसोलं, पाहून बरं वाटलं. नट आवळाले लय जोर लागला काय?"

तिचं लाटणं थांबलं. "मी कुठी आवळले बाबा? मी तं चहा कराले गेली होती. तुमी आवळले न?"

"मी तं डोमाजीजवळ बसलो होतो."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. तव्यावरची पोळी करपायला लागली, तरी कुणी गॅस बंद केला नाही.

नितेशचा फोन नुसताच वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन उचलत नसे. ही सवय तिला नेहमी आवडायची. तिनं सासूबाईंना लावला. बऱ्याच वेळानं त्यांनी उचलला.

"आई, ह्यायले म्हणा गाडी बाजूले घ्या."

"काहून वं? मुर्तिजापूर आलंच आता."

"आधी घ्या. हळूहळू घ्या म्हणा, जोरात ब्रेक नोका मारू."

फोन चालूच होता. एक ट्रक हॉर्न वाजवत गेल्याचं तिला ऐकू आलं. मग दार उघडल्याचा आवाज. मग नितेश अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "एक नट नाहीच हाये. दुसरा हातातच निघाला. मघापासून खडखड करून रायली होती, मले वाटलं रस्ता खराब हाये."

"किती स्पीडमध्ये होते तुमी?"

"बाबाले फोन दे," तो म्हणाला.

सूर्यभाननी फोन घेतला. उरलेले नट पान्यानं आवळायचे, गाडी सावकाश मुर्तिजापूरला न्यायची, तिथं नवा नट बसवायचा, असं त्यांनी समजावलं. फोन ठेवून त्यांनी करपलेल्या पोळीखालचा गॅस बंद केला.

प्रणाली ओट्याला टेकून खालीच बसली. तिला रडू येत नव्हतं. ट्रकची, उताराची, रस्त्यात येणाऱ्या म्हशींची, सगळ्यांची भीती तिनं बाळगली होती. गाडी बंद असताना, आपल्याच अंगणात, हसत हसत आपण हे करून बसू, हे मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"चूक माही हाये," सूर्यभान म्हणाले. "शिकवनाऱ्यानं अर्ध्यातून उठू नये."

"मीही तं उठली बाबा."

संध्याकाळी मायलेक सुखरूप परतले. नितेश रागावला नाही. तो जेवला आणि लवकर झोपला. कौशल्याबाई मात्र सुनेजवळ बसून राहिल्या.

प्रणालीनं गाडीला हात लावला तो थेट गुरुवारी. फाटकाबाहेर गाडी काढण्याआधी ती प्रत्येक चाकाजवळ पाना घेऊन बसली. समोरच्या इंदूबाईंनी विचारलं, "काही पडलं काय वं?"

"नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या चाकाकडे सरकली.