दुर्बिणीची काच गेली!

माझ्या पितळी कड्यावर बारीक उभ्या खाचा आहेत. एका जागी मात्र त्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. ती जागा अंगठ्याएवढी आहे, आणि तो अंगठा आमच्या गाईडकाकांचा.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. या ऐतिहासिक शहराच्या मधोमध उंच मनोरा आहे. त्याच्या गच्चीवर मी उभी असते. माझी पुढची मोठी काच प्रकाश गोळा करते, मागची छोटी काच चित्र मोठं करते. कारखान्यातल्या कारागिराने त्या इतक्या निगुतीने घासल्या, की नदीपलीकडच्या तटबंदीच्या फटीतलं गवतसुद्धा दिसावं.

पर्यटक धापा टाकत जिना चढून येत. काका कडं फिरवून मला जुळवून देत आणि म्हणत, "या, राजवाडा बघा, पूल बघा, आणि तो निळा घुमट डोळे भरून बघा!" लोक "अहाहा!" करत. मी मनातून फुलून जाई. गर्दी ओसरली की काका काचेवरची धूळ आधी फुंकरीने उडवत, मगच मऊ कापड लावत. धूळ तशीच चोळली तर काचेवर ओरखडे उठतात.

गेल्या हंगामात मात्र घोटाळा झाला.

"बघा, घुमट कसा झळकतोय!" काका म्हणाले.

एक बाई हसू लागल्या. "अहो काका, तो तर डागडुजीसाठी कापडात गुंडाळलाय. तुम्हाला कुठे दिसला?"

सगळे हसले. काकांनी माझ्यातून पाहिलं, कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग म्हणाले, "दुर्बिणीची काच गेली. म्हातारी झाली बिचारी!"

माझ्यावर आळ आला, आणि मला तर तोंडच नाही.

काकांची लेक खाली तिकीट खिडकीवर बसते. तिला खरं कारण ठाऊक होतं.

"बाबा, डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितलाय. अजून किती टाळणार?"

"हंगाम संपू दे गं. डोळ्याला हत्यार लावायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

हंगाम संपला, दुसरा आला. काकांनी कचेरीत माझीच तक्रार लावून धरली. शेवटी एके सकाळी मिस्त्री पाना घेऊन आला. मला भंगारात काढायचं ठरलं होतं. एक बोल्ट निघाला, दुसरा निघाला. मी डुगडुगू लागले.

"थांबा जरा!" लेक धावत वर आली. तिने मला डोळा लावला. "बाबा, पुलावरच्या आजीबाईंच्या छत्रीला ठिगळ आहे. त्याचे टाकेसुद्धा दिसतायत."

मिस्त्री वाकला. "अरेच्चा! ही तर ठणठणीत आहे. उगाच जिने चढवलेत मला!"

मग काकांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना नुसतं धुकं दिसलं असणार.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना आपली बाजू मांडता येत नाही. आम्हाला मोडीत काढण्याआधी एकदा नीट तपासून पाहा, एवढीच विनंती.

"मिस्त्री, बोल्ट घट्ट बसव," काका म्हणाले. "तिला काही झालेलं नाही."

मला केवढं हायसं वाटलं! लेक मात्र त्यांच्याकडेच बघत होती. "आणि तुमचं काय?"

काकांनी लांब श्वास सोडला.

"डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, सोमवारी येतो. ऑपरेशन करून घेतो."