जहाजामागची लाट

वादळानंतर तीन दिवस बेटावर गोडं पाणी नव्हतं. म्हणून बारा मिनिटं वाचवायला कप्तान हमूदने मार्ग किनाऱ्याजवळून आखला. एरवी सैनिक आणि चिलखती गाड्या नेणारं ते दोन सांगाड्यांचं जहाज त्या सकाळी पाण्याच्या टाक्या घेऊन तासाला सत्तर किलोमीटरने गेलं. अशा जहाजाची लाट खोल समुद्रात जेमतेम जाणवते. उथळ पाण्यात शिरली की उभी राहते. तोवर जहाज दिसेनासं झालेलं असतं. हमूदला हे पाठ होतं. हबना गावासमोर वेग उतरवायचा नियमही पाठ होता. त्याने उतरवला नाही.

परतताना बेटावरचे जखमी घेतले. वाटेत हबनाहूनही निरोप आला, आणि मांडीचं हाड मोडलेला म्हातारा सुवैलिम स्ट्रेचरवरून जहाजावर आला. सोबत मुलगा मुसल्लम.

“कसं झालं?” हमूदने विचारलं.

“बाबांनाच विचारा. म्हणाले, उतरा पाण्यात, समुद्र झोपलाय. आम्ही सहाजण जाळं ओढतोय, आणि मागून ही भिंत. नाव यांच्या पायावर.” मुसल्लम वडिलांकडे न बघता म्हणाला. “पन्नास वर्षं समुद्र ओळखणारे म्हणे. आता नाव मी हाती घेतो. गावही तेच म्हणतंय.”

“आमचं जहाज जाऊन किती वेळ झाला होता?” हमूदने विचारलं नाही. त्याने मनात मांडलं: किनारा चार किलोमीटर, लाटेला अकरा मिनिटं.

मुसल्लम कॉफीचा थर्मास आणायला गेला, तेव्हा हमूद स्ट्रेचरशी वाकला.

“काका, ती लाट आमच्या जहाजाची. माझी चूक.”

म्हाताऱ्याने विचारलं, “बेटावर पाणी पोचलं?”

“पोचलं.”

“चांगलं झालं. पण मला का सांगतोस? ती समुद्राची नव्हती, एवढं मला कळतं. पोराला सांग.”

“सांगितलं तर माझी नोकरी जाईल, काका.”

“जाईल की. माझी नाव गेलीच आहे.”

मुसल्लम आला. त्याने छोट्या कपात कॉफी ओतून हमूदपुढे धरली. “घ्या साहेब, तुम्ही होतात म्हणून.”

हमूदने कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. पाहुण्याने कॉफी अशी ठेवली की त्याचं काही म्हणणं असतं, हे हबनात पोरासोरांनाही ठाऊक. मुसल्लम समोर बसला.

“बोला.”

हमूदने जहाजाच्या वेगापासून सुरुवात केली.